सेरेंगेटीची रिकामी फेरी

दत्ताराम घाडी चौतीस वर्षं खलाशी होते. बोटीवरचे नव्हेत, जमिनीवरचे. कारखान्यातलं अवजड यंत्र एका जागेवरून उचलायचं आणि दुसऱ्या जागी नेऊन बसवायचं, हे त्यांच्या टोळीचं काम. बॉयलर, प्रेस, ट्रान्सफॉर्मर. हत्यारं चार. पहार, चेनपुली, वायररोप आणि खालून सरकवायला लोखंडी पाइप. बाकी आठ माणसांचे खांदे. ठाण्यापासून तारापूरपर्यंत त्यांनी बसवलेली यंत्रं अजून चालू असतील. एकही तिरकं बसलं नव्हतं. हे ते आपणहून कुणाला सांगत नसत. पण कुणी विचारलं तर विषयही बदलत नसत.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, दोन हजार सातच्या एप्रिलात, त्यांनी भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर खडूने एक जीप काढली.

जीप खऱ्या मापाची होती. लांबी सतरा फूट, रुंदी सहा. मापं मुलाने, यतीनने, आफ्रिकेतून फोनवर सांगितली होती. आधी तो हसला. "बाबा, नुसतं बसायचंय त्यात. माप कशाला?"

"बसायचंय म्हणूनच," दत्ताराम म्हणाले.

यतीन दोन वर्षांपूर्वी टांझानियात, आरुशा नावाच्या गावी नोकरीला गेला होता. मागच्या डिसेंबरात सून ममताही गेली. तिथल्या एका शाळेत तिला वर्षभरासाठी शिकवायचं काम मिळालं होतं. मुलगी क्षितिजा आठ वर्षांची. तिची दुसरी अर्धवट मोडू नये म्हणून ती आजी-आजोबांकडे राहिली. आता शाळेला सुट्टी लागली होती. मेच्या चोवीस तारखेला आजोबांनी तिला घेऊन निघायचं, आणि सगळ्यांनी मिळून सेरेंगेटीच्या रानात सफारी करायची, असं ठरलं होतं. आजी येणार नव्हती. उर्मिलाबाईंना लिफ्टमध्येसुद्धा धडधडायचं.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "सिंहाने विचारलं तर सांगा, तिची तब्येत बरी नाही."

तर ती खडूची जीप. रोज संध्याकाळी ऊन उतरलं की दोघं तिच्यात बसत. दोन पाट पुढे, दोन मागे. क्षितिजा खिडकीकडे. दाराच्या जागी दत्तारामांनी रेष तुटक काढली होती, तिथूनच आत शिरायचं. एकदा वॉचमन रामू पाण्याची टाकी बघायला आला आणि सरळ बॉनेटवरून चालत गेला.

"रामूकाका, गाडी चालू आहे," क्षितिजा म्हणाली.

"सॉरी बेबी," रामू म्हणाला, आणि परत जाताना वळसा घालून गेला.

जीपचे नियम दोन होते. पहिला, तासभर न बोलता, न हलता बसायचं. जनावर आपल्याला येऊन भेटत नाही, आपण गप्प बसून त्याला जागा करून द्यायची. पहिल्या दिवशी क्षितिजा चार मिनिटं टिकली. दुसऱ्या दिवशी सात. दत्तारामांनी वहीत आकडा लिहिला आणि शाबासकी दिली नाही. एप्रिल संपता संपता ती पंचेचाळीसवर आली, तेव्हा ते म्हणाले, "जमतंय." ती त्या एका शब्दावर दोन दिवस खूश होती.

दुसरा नियम 'थांब'चा. तो खलाशांचा. यंत्र दोरावर असताना टोळीतल्या कुणीही, अगदी काल कामाला लागलेल्यानेही, 'थांब' म्हटलं की सगळे थांबतात. का, असं कुणी विचारत नाही. आणि ज्याने थांब म्हटलं, त्यानेच 'चल' म्हटल्याशिवाय कुणी हलत नाही. मुकादमही नाही.

"मी म्हटलं तरी?" क्षितिजाने विचारलं होतं.

"दोरावर आहेस ना? मग तू म्हटलं तरी."

गच्चीवरून खाडी दिसायची. तिवरांची काळसर पट्टी, आणि तिच्यापलीकडे मिठागरं. एप्रिल-मेमध्ये मिठाच्या राशी लागतात. सूर्य खाली गेला की राशी आधी गुलाबी होत, मग राखाडी. गप्प बसून त्यांच्याकडे अर्धा तास बघत राहिलं की त्या हलायला लागत. वारा खारट यायचा, गच्चीवरच्या दोरीवर कुणाची तरी साडी फुगायची, आणि दत्तारामांना डोळे उघडे ठेवूनच दिसायचं, की कळप निघालाय. एकामागे एक, मान खाली घालून, कुणाला कसली घाई नाही. शेजारी क्षितिजाचा श्वास हलका झालेला असायचा. तिलाही दिसत असणार. विचारायची सोय नव्हती, नियम होता.

जनावरांची नावं हंसाबेनकडून मिळाली. त्या पहिल्या मजल्यावर राहत. त्यांच्या वडिलांचं टांगा नावाच्या बंदरात दुकान होतं, आणि बारा वर्षांच्या होईपर्यंत हंसाबेन तिथेच वाढल्या होत्या. टांझानियाचं नाव निघालं की त्यांच्या हातातलं लाटणं थांबायचं.

"हाथीला टेंबो. जिराफला ट्विगा. सिंबा तो तुला माहीत. आणि ते गायीसारखं तोंड, घोड्यासारखी शेपटी, लाखोंनी चालतात ते न्यूंबू. आणि दत्ताभाई, तिथे कोई घाई करत नाही. जो भी भेटेल तो बोलेल, पोले पोले. हळू हळू."

"आमच्या टोळीतही तेच होतं," दत्ताराम म्हणाले. त्यांना ते गाव तिथेच पटलं.

जिराफ अठरा फूट असतो, असं क्षितिजाच्या पुस्तकात होतं. दत्तारामांनी तिला खाली टेप धरून उभं केलं आणि स्वतः जिन्याच्या खिडकीतून माप घेतलं. अठरा फूट बरोबर हंसाबेनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आलं. हंसाबेन बाहेर डोकावल्या.

"शुं थयुं?"

"तुमच्या खिडकीत ट्विगा आलाय," क्षितिजा खालून म्हणाली.

"आवी जा. थेपला खाएगा?" हंसाबेनने खरंच एक थेपला बाहेर धरला. कावळ्याने नेला.

हत्तीचं वजन सहा टन निघालं. सहा टनांचं एक प्रेस त्यांच्या टोळीने एकदा गोदीत नेऊन बोटीवर चढवलं होतं. पेटीवर मोंबासा लिहिलेलं. बोटीवर चढलं तिथं त्यांचं काम संपलं. पुढे ते कुणी उतरवलं, कुठं बसवलं, सरळ बसलं का, काही कळलं नाही. चौतीस वर्षांत ज्याची बैठक डोळ्यांनी पाहिली नाही असं ते एकच काम. अधूनमधून त्यांना ते प्रेस स्वप्नात दिसायचं. गवतात, एकटं, पाऊण इंच तिरकं.

आता मार्चमधल्या फोनबद्दल सांगायला हवं.

मार्चमध्ये यतीनचा फोन आला तेव्हा क्षितिजा शाळेत होती. ममताची नोकरी कायम झाली होती. यतीनला कंपनीने घर दिलं होतं. क्षितिजाला तिथल्या शाळेत प्रवेशही मिळाला होता. म्हणजे ती सफारीला जाणार, पण परत येणार नव्हती. परतीचं तिकीट एकट्या दत्तारामांचं.

"तिला आत्ता काही सांगू नका, बाबा," यतीन म्हणाला. "ती तुमच्याशिवाय राहायला तयार होणार नाही. नाहीच म्हणून बसली तर? इथं आली, जिराफ बघितले, की रमेल. मग मी सांगतो."

दत्ताराम "बरं" म्हणाले. ते "बरं" त्यांना त्या दिवसापासून टोचत होतं. दोरावरच्या माणसाला वस्तू कुठं बसणार हे माहीत नाही, असं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पण आईबाप ते. आणि पोर खरंच नाही म्हणाली तर? आईपासून आणखी एक वर्ष तुटणार, आणि कारण कोण, तर आजोबा. अशा विचाराने ते दुसऱ्या कुशीवर वळत. त्यात एक कोपरा असाही होता, की नाही म्हणाली तर बरंच होईल. त्या कोपऱ्याची त्यांना लाज वाटायची.

कामाच्या वहीत त्यांनी प्रवासाच्या पायऱ्या लिहून काढल्या. सवयच होती. एक, रिक्षा. दोन, विमानतळ. सहा, नैरोबी. आठ, गाडीने आरुशा, बाबांचं घर. नऊपासून तेरापर्यंत सेरेंगेटी. चौदा, परत बाबांच्या घरी. मग त्यांनी पंधराचा आकडा घातला, आणि पेन्सिल थांबली. वहीत खोटं कधी लिहिलं नव्हतं. खरं लिहायचं तर क्षितिजा वही वाचायची. त्यांनी पंधराच्या पुढे काहीच लिहिलं नाही.

इकडे उर्मिलाबाई बॅगा भरत होत्या. नातीची मोठी, नवऱ्याची लहान. तिच्या बॅगेत स्वेटर, आमसुलं, मेतकूट, दोन साइज मोठे फ्रॉक.

"आजी, हे फ्रॉक मला होत नाहीत."

"होतील."

"कधी?"

"पाय काढ तिथून, घडी मोडतेय," उर्मिलाबाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ उगाच सोडून उभ्या राहिल्या.

मेच्या पहिल्या रविवारी रिकामी फेरी ठरली. ही खलाशांची रीत. वस्तू हलवायच्या आधी सगळ्या टोळीने रिकाम्या हाताने ती वाट एकदा चालून यायची. दारापासून यंत्राच्या बैठकीपर्यंत. एकेक पायरी मोठ्याने म्हणायची. कुठं उंबरा आहे, कुठं छत खाली आहे, हे हात रिकामे असतानाच दिसतं. त्यांच्या टोळीचे ईश्वर मुकादम म्हणायचे, ज्या वाटेवर रिकाम्या हाताने चालवत नाही, त्या वाटेवर ओझं नेऊ नये.

आफ्रिका अर्थातच लांब होती. म्हणून ती भाईंदरात आखली. केबिन रोड म्हणजे नैरोबी, कारण गर्दी. गोडदेव म्हणजे आरुशा. गोडदेवात एका बंद दुकानाला दगडी ओटा होता, ते बाबांचं घर. तिथून उलट फिरून खाडीकाठ, तो सेरेंगेटी. आणि मग पुन्हा गोडदेव.

"दोनदा गोडदेव?" क्षितिजाने तोंड वाकडं केलं. "एकदा धरूया ना."

"खऱ्यात दोनदा आहे?"

"आहे."

"मग दोनदा."

सकाळी सहाला निघाले. वही क्षितिजाच्या हातात. केबिन रोडवर दुकानांची शटर अजून खाली होती, तरी तिने आजोबांचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "सहा, नैरोबी. गर्दीत हात सोडायचा नाही." गोडदेवच्या ओट्यावर दोघं बसून पाणी प्यायले. "आठ, बाबांचं घर." मग खाडीकाठी.

तिथे त्यांनी बराच वेळ घालवला. भरती ओसरली होती. चिखलावर बगळे उभे होते, एकेका पायावर. पलीकडच्या मिठागरात माणसं फावड्याने मीठ ओढत होती, आणि उन्हाच्या पहिल्या तिरपीत त्यांचे पाय पाण्यात उलटे दिसत. क्षितिजा कुजबुजली, "आजोबा, ते बघा. न्यूंबू नदी ओलांडतायत." दत्तारामांनी बघितलं. ओलांडत होते. ऊन, पाणी, पांढऱ्या राशी, सगळं एकमेकांत मिसळलं होतं, आणि मधल्या गवतात कुठंतरी एक जुनं प्रेस उभं होतं. या वेळी ते सरळ वाटलं. त्यांनी हात पुढे केला. नातीचा हात हाताला लागला, उबदार.

तिथून पुन्हा गोडदेव. आता ऊन लागत होतं. ओट्यापाशी पोचल्यावर क्षितिजाने वही उघडली.

"चौदा, परत बाबांच्या घरी. झालं. पंधरा." तिने बोट फिरवलं. पान उलटलं, परत मागे आणलं. "पंधराच्या पुढे काहीच नाहीये."

दत्तारामांनी कानामागची पेन्सिल चाचपली.

"लिहायचं राहिलं?"

"नाही."

"मग?"

फोनवर दिलेलं "बरं" त्यांना आठवलं. पण रिकामी फेरी अर्धी सोडता येत नाही. ते ओट्यावर बसले, म्हणजे तोंडं समोरासमोर आली.

"पंधरा म्हणजे, आजोबा परत येतात," ते म्हणाले. "एकटे. तू तिथं राहायचंस. आई-बाबांजवळ. तिथं तुझी शाळा ठरलीय."

क्षितिजाने वही मिटली. "तिसरी?"

"तिसरी. मग पुढेही."

"आजीला माहीत आहे?"

"आहे."

"हंसाबेनला?"

"त्यांना नाही."

तिने त्यावर थोडा विचार केला. हंसाबेनला माहीत नाही, एवढं तरी बरं, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात."

"बोललो नाही. सांगितलं नाही."

"ते एकच."

"हो," दत्ताराम म्हणाले. "एकच."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

हाच तो प्रश्न, ज्याला यतीन घाबरला होता. दत्तारामांना ईश्वर मुकादम आठवले. "तर बाबाला मी फोन करीन. सांगीन, ती नाही म्हणतेय. पुढे काय करायचं ते तू, आई, बाबा मिळून ठरवा. पण फसवून नेणार नाही. तू दोरावर आहेस."

क्षितिजाने त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच, पण स्पष्ट म्हटलं, "थांब."

दत्ताराम थांबले.

थांबले म्हणजे खरोखर थांबले. ती शेजारी येऊन बसली. गोडदेव जागं झालं होतं. दूधवाला गेला. समोरच्या बाईने सडा टाकला. एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं, "काका, कुठे जायचंय?" दत्तारामांनी मानही हलवली नाही. ऊन ओट्यावर चढलं, गुडघ्यापर्यंत आलं. पोरगी रडत नव्हती. जीपमध्ये बसायची तशी बसली होती, ताठ, समोर बघत. शेजारी न बोलता, न हलता बसणं एवढंच काम होतं, आणि त्यांनी आयुष्यात याहून जड काम केलं नव्हतं. मन सारखं म्हणत होतं, बोल, समजूत घाल, आईस्क्रीमचं नाव काढ. त्यांनी हात मांडीवर ठेवले. का, असं विचारायचं नसतं.

तासाहून जास्त गेला असेल. वहीत लिहिला असता तर तिचा सगळ्यात मोठा आकडा झाला असता.

"आई रोज केसांना तेल लावेल?" तिने विचारलं.

"लावेल."

"तुम्ही परत कधी येणार? तिकडे?"

"ते मला माहीत नाही. माहीत झालं की सांगीन. आधी सांगीन."

"पेन्सिल द्या."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढून दिली. तिने वही मांडीवर घेतली आणि पंधराच्या पुढे मोठ्या अक्षरात लिहायला लागली. लिहिता लिहिता म्हणत गेली. "आजोबा दारातून निघतात. क्षितिजा ओट्यावर उभी राहते. हात करत नाही. आजोबा कोपऱ्यापर्यंत जातात. वळून बघत नाहीत."

"हात का नाही करत?"

"केला तर रडू येतं. डिसेंबरात आईला केला होता."

दत्तारामांनी मान डोलवली. उंबरा होता तिथं. रिकाम्या हाताने चालल्यामुळेच दिसला.

"आता करून बघा," ती म्हणाली. ओट्यावर चढून उभी राहिली. "तो मेडिकलवाला दिसतोय ना, तो कोपरा."

ते उठले. गुडघे आखडले होते. आणि उभेच राहिले.

"जा ना."

"तू चल म्हटलं नाहीस."

ती विसरली नव्हती. तिला वेळ हवा होता. गल्लीच्या टोकाशी कुणीतरी पाव विकत चाललं होतं, ती त्याचा भोंगा लांब जाईपर्यंत थांबली.

"चल, आजोबा," ती म्हणाली. "पोले पोले."

दत्ताराम चालू लागले. हातात काही नव्हतं. वस्तू बैठकीवर ठेवून, बोल्ट आवळून, संध्याकाळी टोळी परतायची तेव्हाही हात असेच रिकामे असायचे. तेव्हा ते हलके वाटत. पंचवीस पावलं. तीस. मेडिकलचा हिरवा बोर्ड जवळ आला. पाठीमागे एवढी शांतता होती की ती ओट्यावर आहे की नाही, कळेना. बत्तिसाव्या पावलाला त्यांनी वळून बघितलं.

ती होती. हात दोन्ही बाजूंना सरळ, तोंड गंभीर.

"वळलात," ती ओरडली. "चुकलं. पहिल्यापासून."

चौतीस वर्षांत कुणी त्यांना काम पुन्हा करायला लावलं नव्हतं. ते ओट्यापाशी परत आले. दुसऱ्यांदा अठ्ठेचाळीस पावलं जमली, आणि मान आपोआप फिरली.

"परत," क्षितिजा म्हणाली.

तिसऱ्यांदा ते कोपऱ्यापर्यंत गेले. वळले नाहीत. मेडिकलच्या काचेशी उभं राहून त्यांनी काचेत बघितलं. काचेत गल्ली होती, ऊन होतं, आणि पार टोकाला ओट्यावर एक लहान आकृती, सरळ उभी. सूतभरही तिरकी नव्हती.

मग तिकडून हाक आली.

"जमतंय."